कार्ड निवडण्याआधी उधारीची वही पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांपासून बँकांचे प्रतिनिधी आमच्या बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून क्रेडिट कार्डाचे अर्ज भरून घेत आहेत, आणि ‘डेबिट कार्ड असताना हे कशाला’ असे कोणी विचारलेच तर ‘पन्नास दिवस पैसे बिनव्याजी वापरा’ एवढे एकच उत्तर मिळते. सेलू येथे माझे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने बांधून देण्याचे, व पंपांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. दोन्ही कार्डांनी मला अडचणीत आणले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जेवढे खात्यात आहे तेवढेच खर्च होते, म्हणून चालू खात्याचे डेबिट कार्ड मला जास्त सुरक्षित वाटत असे. वाइंडिंगच्या यंत्राचा एक भाग परदेशी संकेतस्थळावरून मागवताना मी त्या कार्डावर परदेशी व्यवहारांची सोय सुरू केली आणि ती बंद करायची राहून गेली. पुढे एका पहाटे मोबाइलवर लागोपाठ दोन संदेश आले, आणि कोणताही ओटीपी न विचारता ४१,००० रुपये खात्यातून गेले होते. परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी लागतोच असे नाही, हे मला त्या दिवशी कळले. मी लगेच कार्ड बंद केले आणि शाखा उघडताच लेखी तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर तोटा त्याच्यावर येत नाही. शिवाय बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची असते. माझी रक्कम नवव्या दिवशी आली. परंतु त्याआधीच, सहाव्या दिवशी, लातूरच्या तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्याला दिलेला माझा धनादेश शिल्लक अपुरी म्हणून परत गेला होता. पैसे मिळाले, पण त्या पेढीवर पुढचे वर्षभर मला रोखीशिवाय तार मिळाली नाही.

हाच प्रकार क्रेडिट कार्डावर घडला असता तर वाद बिलातल्या रकमेवर चालला असता आणि चालू खात्याला धक्का लागला नसता. तेव्हापासून ऑनलाइन खरेदी मी क्रेडिट कार्डावरच करतो. डेबिट कार्ड वेगळ्या खात्याचे ठेवले आहे, आणि त्या खात्यात पाच-सात हजारांपेक्षा जास्त रक्कम राहू देत नाही.

मात्र क्रेडिट कार्डाचा खरा धोका आमच्या धंद्याच्या चालीत आहे. हरभऱ्याला पाणी देताना डिसेंबरात मोटार जळाली, तर शेतकरी तूर मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेल्यावर पैसे देतो. उन्हाळ्यात जळाली, तर सोयाबीन निघेपर्यंत, म्हणजे दसरा-दिवाळीपर्यंत, थांबावे लागते. यात त्याची लबाडी नसते, त्याच्याही हातात पैसा तेव्हाच येतो. बिनव्याजी मुदत खरेदीच्या तारखेप्रमाणे साधारण २० ते ५० दिवसांची असते आणि उधारी सहा महिन्यांची. मार्च महिन्यात बेअरिंग, वार्निश आणि तार असा ५०,००० रुपयांचा माल कार्डावर भरला आणि एप्रिलच्या बिलात पाच टक्के किमान रक्कम, म्हणजे २,५०० रुपये, भरून वेळ मारून नेली, असे समजा. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. भरलेल्या पैशांतून मुद्दल फिटली जेमतेम ४३५ रुपये. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. मी स्वतः एक उन्हाळा असा काढला आहे, आणि त्या वर्षीच्या दिवाळीची निम्मी कमाई त्यात गेली. कार्डावरून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासूनच लागते.

म्हणून दोन कार्डांपैकी कोणते घ्यावे हे ठरवण्याआधी दुकानदाराने आपली उधारीची वही काढून गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देते ते पाहावे. चहा-नाश्त्याचे हॉटेल, झेरॉक्स किंवा किराणा अशा रोजच्या रोख धंद्याला क्रेडिट कार्ड निश्चित उपयोगी आहे, फक्त पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते करण्याची सूचना बँकेला देऊन ठेवावी. बिलाचे चक्र, म्हणजे दर महिन्याला बिल निघण्याची तारीख, बदलून मागण्याची मुभाही रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी दिली आहे, ती फारच थोड्यांना माहीत आहे. हंगामी उधारीवर चालणाऱ्या दुकानाने मात्र माल भरण्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे मालाच्या साठ्यावर मिळणारी व लागेल तशी वापरायची कर्जाची मर्यादा, जिला व्यापारी ‘सीसी’ म्हणतात, तीच घ्यावी. बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, देण्याचा त्रास होतो हे खरे, पण व्याज वापरलेल्या रकमेपुरते लागते आणि त्याचा दर कार्डाच्या दरापेक्षा कितीतरी कमी असतो.

केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारच्या ‘उद्यम’ या नोंदणी संकेतस्थळावर नोंद असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाख रुपये मर्यादेच्या क्रेडिट कार्डाची घोषणा झाली. किसान क्रेडिट कार्डाच्या पीक कर्जाची परतफेड पिकाच्या काढणी व विक्रीच्या काळाशी जोडलेली असते. त्याच शेतकऱ्याची मोटार बांधून देणाऱ्याला, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला व अवजारे घडवणाऱ्याला पैसे त्याच पिकातून मिळतात. तेव्हा या नव्या कार्डाची परतफेडही मराठवाड्यात हंगामानुसार ठेवावी, अशी मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी आणि व्यापारी संघटनांनी बँकांकडे व केंद्राकडे करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक मोटार रिवाइंडिंग व्यावसायिक,
सेलू, जि. परभणी