साथीच्या काळातील बाळंतिणी

महोदय,

२०१८-२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३, म्हणजे देशाच्या ९७ या आकड्याच्या जवळपास एक तृतीयांश होते. मात्र करोनाच्या दुसऱ्या लाटेत ही जमेची बाजू किती तकलादू आहे, हे दिसून आले. रक्तक्षय, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा स्थूलपणा असलेल्या गरोदर महिलांना धोका अधिक होता, आणि त्यांच्या लसीकरणाला मंजुरी मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, लाट ओसरू लागल्यावर.

सोलापुरात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या गरोदर बाईकडे लोहाच्या गोळ्यांचे पाकीट असते, पण मळमळते म्हणून ते फडताळातच राहते. टाळेबंदीत घरी येणारी तपासणीही थांबली, तर हे विचारणार कोण? (नोंदवहीत गोळ्या मात्र ‘दिल्या’ असतात.)

पुढील साथीत प्रसूतिपूर्व तपासणी अत्यावश्यक सेवा मानावी, बाधित गरोदर महिलेसाठी रुग्णवाहिका आणि प्रसूतिगृह आधीच निश्चित करावे, आणि प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांपर्यंतच्या प्रत्येक मातामृत्यूच्या चौकशीचे निष्कर्ष, नावे वगळून, महापालिका व जिल्हा परिषदेने जाहीर करावेत.

– एक वाचक, सोलापूर