वहीची मागची पानं

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, समुपदेशकांकडे दोनदा जाऊन आलो, नुसतं बोलणंच आहे. बोलून काय होते?" मला फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

२०१७ साली बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तेव्हा तू बारावीला होतास. तुला आम्ही सांगितलं, बाबांना ॲसिडिटीचा त्रास आहे. ते खोटं होतं. पहाटे तीनला डोळे उघडायचे अन् छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटायचं. वावरात जाणं सुटलं. बैल गोठ्यात हंबरायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेला. शेवटी तुझी आई मला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, मनानं बंद करायच्या नाहीत, असं बजावलं आणि समुपदेशक ताईंकडे पाठवलं. मलाही तेव्हा तुझ्यासारखंच वाटलं. या पोरीनं कधी डवरणी केली आहे का, ही मला काय सांगणार? पहिल्या दोन बैठकांत तिनं फक्त ऐकलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "काका, मन लागायची वाट नका पाहू. रोज एक काम ठरवा आणि मन असो-नसो, तेवढं करा." माझं काम ठरलं, सकाळी उठून बैलांना पाणी पाजणं. पहिल्या दिवशी बादली उचलून मी पाच मिनिटं तसाच उभा होतो. पंधरा दिवसांनी धुऱ्यापर्यंत चालत गेलो.

मग वही आली. कापसाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं. काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, उलट पुरावा काय, असे चार रकाने. एका पानावर लिहिलंय: 'सोसायटीचे सचिव रस्त्यात बोलले नाहीत. गावात आपली पत गेली.' उलट पुराव्यात: 'त्याच संध्याकाळी ते चहाला घरी आले.' ताईंनी सांगितलं, ही रीत ॲरन बेक नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात बसवली. विचार डोक्यात असतो तोवर खराच वाटतो रे. कागदावर उतरला की त्याला जाब विचारता येतो.

दोन बैठकांत हे होत नाही, बाळा. तुझ्या समुपदेशकांशी जुळत नसेल तर त्यांना तसं तोंडावर सांग, नाहीतर दुसरे शोध, पण सोडू नको. जे मला सांगणं तुला जमत नाही, ते त्यांना सांग. तुझं बोलणं गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदाच आहे तसा. आणि रात्र फारच जड झाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लाव. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मलाही उठव. मी झोपलेला असलो तरी उठव.

त्या वर्षी तुझे काका रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. उपदेश नाही, चौकशी नाही. तूर कशी आहे, पाणी येईल का, एवढंच. त्यांचा मला किती आधार होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आता मी तुला रोज आठ वाजता फोन करीन. बोलावंसं नाही वाटलं तर नुसता धरून ठेव.

वही पार्सलनं पाठवतो आहे. मागच्या बाजूनं उघड. बरीच पानं कोरी आहेत, ती तुझी.

तुझा,
बाबा