विटांचं चर्च म्हणजे स्वस्तातलं चर्च नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लंडनच्या चर्चेसवरचा लेख वाचला. फोटो मस्तच, पण एका वाक्याला अडलो, की व्हिक्टोरियन काळात दगड परवडत नव्हता म्हणून पॅरिश चर्चेस (म्हणजे त्या त्या वस्तीची चर्चेस) विटांची बांधली. काही ठिकाणी असेलही तसं, विटांवरचा टॅक्स 1850 मध्ये रद्द झाला होता त्याचाही फायदा झाला असणार. पण सरसकट असं कसं म्हणता येईल?

लंडनमधल्या मार्गारेट स्ट्रीटचं ऑल सेंट्स चर्चच घ्या ना. विल्यम बटरफिल्ड या आर्किटेक्टचं काम, 1850 ला सुरू झालं, 1859 ला चर्च उघडलं. पैशाची चणचण म्हणावी तर आत ग्रॅनाइटचे खांब, संगमरवर, रंगीत टाइल्स, भिंतीवर रिकामी जागा म्हणून शोधून सापडत नाही (मला तर ते आतून जरा जास्तच गजबजलेलं वाटतं, ते असो). म्हणजे बाहेर वीट मुद्दाम घेतलीये. लाल विटांमधून काळ्या विटांचे पट्टे आणि नागमोडी नक्षी काढलीये, आणि ती वरून रंगवलेली नाही हां, भिंत रचतानाच त्या त्या रंगाची वीट बसवत गेलेत, मग रंग उडणार कुठून? त्या काळी लंडनमध्ये कोळशाचा धूर इतका की दगडातलं बारीक कोरीवकाम झिजून जायचं, तिथे हा प्रकार टिकाऊच म्हणायचा. जागा पण एवढीशी, छोट्याशा अंगणाभोवती चर्च, पाद्र्यांचं घर आणि शाळा सगळं दाटीवाटीनं बसवलंय, आणि आडवं पसरता येत नाही म्हटल्यावर मनोऱ्यावरचा सुळका थेट 227 फुटांवर नेलाय.

दुसरा आर्किटेक्ट जी. ई. स्ट्रीट तर उत्तर इटलीतल्या विटांच्या इमारती बघून आलेला माणूस. त्याचं लंडनच्याच पिम्लिको भागातलं सेंट जेम्स द लेस चर्च 1859 ते 1861 मधलं, मनोरा जवळपास सुटा उभा, अगदी इटालियन थाटात. उलट लंडनबाहेर, ब्रायटन शहरातलं सेंट बार्थोलोम्यू चर्च बघा, 1874 मध्ये झालेलं, तिथे मनोराच नाही, सगळा खेळ उंचीचा, नुसती विटांची भिंत वर वर जात राहते, साधारण 135 फूट.

लेखकांनी एवढी एक दुरुस्ती छापावी, आणि जमलं तर पुढच्या वेळी विटांच्या नक्षीचा एक क्लोजअप द्या, लांबून काढलेल्या फोटोत सगळं नुसतं लालच दिसतं.

आपला,
एक नियमित वाचक