ऑबर्नहून, दगडाला हात लावण्याआधी

ऑबर्न, न्यू यॉर्क
नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

नऊ महिने पत्र नाही, म्हणजे तुझ्या शिव्या देऊन संपल्या असतील. थोड्या उरल्या असतील तर राखून ठेव, खाली एका जागी लागणार आहेत. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

लिहायला बसलो त्याचं कारण एक दगड. जवळच्याच एका जुन्या दफनभूमीत (कुठली ते सांगत नाही, माणूस भला आहे) कुणीतरी कपड्यांचं ब्लीच आणि तारेचा ब्रश घेऊन एक संगमरवरी फळी ‘उजळवली’. आता ती दुधासारखी पांढरी दिसते, येणारेजाणारे कौतुक करतात. बोट फिरवलं तर साखरेसारखे कण बोटाला लागतात आणि नावातली तीन अक्षरं चाचपूनही कळत नाहीत. इथे हे कुणाला सांगितलं की म्हणतात, पण स्वच्छ तर झालं ना! म्हणून तुला सांगतोय.

आणि आता वसंतात गावातल्या जुन्या राजकारण्यांचे दगड साफ करायचे ठरलंय. कुठल्याला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, ती यादी माझ्या गळ्यात आलीय.

मंडळी कोण ते ऐक. ओवास्को तळ्याच्या उत्तर टोकाला हे गाव, आणि गावाच्या टेकडीवर फोर्ट हिल ही दफनभूमी. तिथला मोठा माणूस विल्यम सेवर्ड: 1839 ते 1842 राज्याचा गव्हर्नर, मग सिनेटर, मग लिंकनचा परराष्ट्रमंत्री. 1867 साली 72 लाख डॉलरला अलास्का घेतला तोच. त्याच टेकडीवर थिओडोर पॉमरॉय. तुझ्या प्रश्नमंजूषेला देतो: प्रतिनिधीगृहाचा सभापती, फक्त एक दिवस! 3 मार्च 1869 ला कोलफॅक्सने उपराष्ट्राध्यक्ष व्हायला खुर्ची सोडली, पॉमरॉय बसला, आणि दुसऱ्या दिवशी ते सभागृहच संपलं, त्याची खासदारकीही. आपल्याकडे एवढ्यावर तीन पिढ्या ‘माजी सभापती’ची पाटी लागली असती.

एनॉस थ्रूप मात्र टेकडीवर शोधू नकोस. व्हॅन ब्युरेन 1829 मध्ये जेमतेम अडीच महिने गव्हर्नर राहून वॉशिंग्टनला गेला आणि हा त्याच्या जागी आला. तो खाली चर्चच्या आवारात आहे. लोक हमखास इथेच चुकतात: गाव एक म्हणजे दफनभूमीही एक, असं धरून चालतात. मोठ्या माणसाचा नुसता स्मारकस्तंभ असतो आणि देह भलतीकडे, किंवा मागाहून हलवलेला. दगड दिसला म्हणजे माणूस खाली आहेच असं नाही. आधी प्लॉटची नोंद बघायची, मग दगड.

तारखांचा घोळ तुला आवडेल. त्या काळी दगडावर जन्मतारीख न देता वय कोरायची फार चाल होती: इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. सेवर्डवरच करून बघ. जन्म 16 मे 1801, मृत्यू 10 ऑक्टोबर 1872. पुढून मोजलं तर 71 वर्षं, 4 महिने, 24 दिवस. आता हेच उलटं वजा कर. 71 वर्षं मागे, 10 ऑक्टोबर 1801. चार महिने मागे, 10 जून. चोवीस दिवस मागे, 17 मे! सप्टेंबर तीसचा आणि मे एकतीसचा, म्हणून एक दिवस सरकतो. अशा एका दिवसावरून माणसं दोन वेगळे जन्म मानून बसतात. नोंदवहीत मी ‘गणिताने काढलेली’ असा शेरा मारतो आणि दगडावरचा आकडा जसाच्या तसा शेजारी लिहितो.

आता खरं दुखणं. तू आयुष्यभर काळ्या दगडावर काम केलंस, तुझं बरं आहे. संगमरवर शेवटी चुन्याचाच, लिंबू पिळलं की फसफसतो. दीडशे वर्षं कोळशाचा धूर खाल्लेल्या पावसाने हे दगड लिंबासारखेच चाटलेत. आडोशाच्या बाजूला काळी खपली धरते. ती नुसती काजळी नाही, वरच्या थराचा जिप्सम झालेला असतो, ती खरवडली की खालचं अक्षरही तिच्याबरोबर निघतं. ब्लीचचं तर विचारू नकोस. वरून दगड पांढरा होतो, आत क्षार राहतात, सुकताना त्यांचे खडे होतात आणि भोकांतून दगड फुगून पापुद्रे सुटतात. उजळवणारा तोवर शाबासकी घेऊन घरी गेलेला असतो. प्रेशर मशीनचंही तेच, फक्त नुकसान लगेच दिसतं.

मी ठरवलंय ते असं. पहिल्यांदा हात लावायचाच नाही, फक्त बोटाच्या पेराने चाचपायचं. कण सुटले की फुली, तो दगड यादीतून बाद. बोटाने हलकेच ठोकायचं. पोकळ आवाज आला तरी बाद. हलतो, झुकलाय, आतल्या लोखंडी खिळीचा गंज बाहेर आलाय, तर साफसफाई नाही, आधी आधार. गंजलेलं लोखंड फुगतं आणि दगड आतून फोडतं. सांधा भरायचाच तर चुन्याचा. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, पाणी अडवून धरतं आणि इथल्या थंडीत ते पाणी गोठलं की सिमेंट शाबूत राहतं, दगड तुटतो.

उरलेल्यांना नुसतं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. दगड आधी भरपूर भिजवायचा, म्हणजे मळकं पाणी आत शोषलं जात नाही. घासायचं खालून वर, नाहीतर कोरड्या भागावर ओघळांचे पट्टे उठतात आणि ते मग जात नाहीत. दगडफूल लाकडी काडीने, ओलं असतानाच. पाण्याने भागलं नाही तरच डी-टू नावाचं शेवाळनाशक. दहापंधरा मिनिटं ठेवून हलकं घासायचं आणि धुवायचं. लगेच पांढरं झालं नाही म्हणून दुसरा हात मारायचा नाही, तो रंग पुढे कित्येक आठवडे उजळत राहतो. घाईने घोटाळा होतो तो इथे.

वाचायला काय करतो विचारशील. आरसा. दाराला लावतात तसा उंच, स्वस्तातला. उत्तरेकडे तोंड केलेल्या दगडावर इकडे ऊन येतच नाही, मग बाजूला उभं राहून आरशाने ऊन तिरपं मारायचं, जवळजवळ दगडाला घासून. खाचेत सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारं नाव फोटोत उमटतं. खडू नाही, पीठ नाही, दाढीचा फेस तर नाहीच. हो, तू त्या शिलालेखावर खडू फासला होतास तो मी अजून विसरलेलो नाही. अक्षरं फोटोत झकास आली, आणि पुढच्या वर्षी गेलो तर खडू खाचेत तसाच होता. तू म्हणालास पावसाने जाईल. लेका, सातारच्या पावसानेही गेला नव्हता!

पण वीरगळाच्या भांडणात तू बरोबर होतास, हे लिहून देतो. शेंदूर काढायचा हट्ट माझा होता. “तोच त्याचा सदरा आहे, उघडा करू नकोस,” असं तू म्हणाला होतास आणि मी तुला अडाणी म्हटलं होतं. राखलेल्या शिव्या इथे खर्च कर.

सेवर्डकडे परत येतो, कारण यादीत सगळ्यात अडलोय तो तिथेच. त्याच्या थडग्यावर पदांची जंत्री डोळ्यांत भरत नाही, तीन शब्द भरतात: ‘ही वॉज फेथफुल’. हे शब्द त्याच्याच भाषणातले, 1846 चे. विल्यम फ्रीमन नावाच्या काळ्या तरुणाने चार माणसं मारली होती. हा फ्रीमन आधी घोडा चोरल्याच्या आरोपावरून इथल्याच तुरुंगात पाच वर्षं काढून आलेला. चोरी त्याने कधी कबूल केली नाही. आत डोक्यात फळी बसून बहिरा झालेला. सेवर्डने त्याचं वकीलपत्र घेतलं आणि वेडाचा बचाव मांडला. गाव त्याच्यावर उलटलं. खटला हरला. वरच्या कोर्टाने फेरखटला दिला, पण त्याआधीच 1847 मध्ये फ्रीमन कोठडीत मेला. शवविच्छेदनात मेंदू रोगट निघाला. त्या भाषणात सेवर्ड म्हणाला होता की कधीतरी कुणी वाटसरू, कुणी इंडियन, कुणी निग्रो माझ्यावर साधा दगड ठेवील आणि त्यावर हे शब्द लिहील.

मराठीत काय करशील याचं? ‘निष्ठावंत’ लिहिलं तर लोक विचारतील कुठल्या गटाचा. ‘प्रामाणिक’ हिशेबनिसाला शोभतं. ‘शब्दाला जागला’ म्हणावंसं वाटतं, पण शब्द दिला कुणाला होता?

याच माणसाने 1859 मध्ये सिनेटर असताना, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनला इथली सातेक एकर जागा बाराशे डॉलरला दिली, कायद्याने ती फरारी गुलाम असताना. तीही याच टेकडीवर आहे, 1913 पासून. आणि डिसेंबर 1865 मध्ये गुलामी संपवणारी घटनादुरुस्ती मंजूर झाल्याच्या जाहीरनाम्यावर सही सेवर्डची. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती याच कामासाठी. म्हातारा त्याच्या दोनच वर्षं आधी जगप्रवासात मुंबईला येऊन गेला होता. पुणं राहिलं.

तर प्रश्न असा: तुझ्या ठशांच्या जुन्या वहीत दगडांची प्रतवारी होती, अ ब क ड, शेवटची ‘देवावर सोपवलेले’. त्या ‘क’ आणि ‘ड’मधली सीमा तू कशी ठरवायचास? माझे सहा दगड बरोबर तिथे अडकलेत. पानांचे फोटो पाठव, तुझं अक्षर मी लावतो.

आईंचा मोतीबिंदू झाला का? चिनूने इतिहास घेतला म्हणे, कपाळ तुझ्यावरच गेलंय. मोजणीवाले येऊन गेले की अजून तारखाच?

घाई नाही. एप्रिलपर्यंत इथे रात्री पाणी गोठतं, तोवर ओला ब्रश दगडाला लावता येत नाही. पण यादी मार्चमध्ये द्यायची आहे.

तुझा,
अव्या

ता. क. आरसा दीड फूट बाय चार फूट आहे, बसमधून नेताना लोक वाट सोडतात.