मेथडिस्ट फूट आणि बायबलचा अधिकार

महोदय,

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथातली एक मोठी संघटना) 2024 साली शार्लट येथील अधिवेशनात समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली, 692 विरुद्ध 51 मतांनी. ‘एका गटाने बायबल सोडले, दुसऱ्याने धरून ठेवले’ ही त्यावरची सरधोपट मांडणी मला पटत नाही. 2019 मध्ये सेंट लुईसला हीच बंदी कडक करणारा ठराव 438 विरुद्ध 384 असा निसटता मंजूर झाला होता. मधल्या काळात परंपरावादी मंडळ्या (स्थानिक चर्च) हजारोंनी बाहेर पडल्या. आकडे फिरले ते काही निव्वळ मनपरिवर्तनाने नव्हे.

बायबलच्या वचनांचा अर्थ पूर्वीही चुकीचा लावला गेला, हे सांगायला उदारमतवादी गुलामगिरीचा दाखला देतात. 1844 साली याच प्रश्नावर मेथडिस्ट दुभंगले, तेव्हा गुलामगिरीचे समर्थकही बायबलमधली वचने काढूनच बोलत होते. दाखला वजनदार आहे. पण परंपरावादी म्हणतात, स्त्रियांनी चर्चमध्ये पाळक म्हणून काम करण्याला अनुकूल अशा दबोरा, फिबी या स्त्रिया तरी बायबलमध्ये सापडतात. समलिंगी संबंधांना अनुकूल एक ओळ दाखवा. इथे ‘काळ बदलला’ एवढे उत्तर पुरत नाही. समलिंगी संबंधांचा निषेध करणाऱ्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाशी भिडावेच लागते. अनेक उदारमतवादी अभ्यासक भिडतातही: पौलासमोर आजच्यासारखे बरोबरीचे, एकनिष्ठ नाते होते का, असा त्यांचा सवाल आहे.

परंपरावाद्यांनाही एक विचारावेसे वाटते. घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाबद्दल मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूचे शब्द चांगलेच कडक आहेत. तिथे मात्र त्यांच्यातल्या अनेकांना सवलत कशी सापडली?

– एक वाचक, पुणे