चार नगरसेवकांच्या प्रभागात आमचा नगरसेवक कोणता?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

जानेवारी 2026 मध्ये झालेल्या पुणे महानगरपालिकेच्या निवडणुकीत मी अपक्ष म्हणून उभी होते आणि पडले. पराभवाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रभागरचनेबद्दल, आणि ती निवडून आले असते तरीही मी केली असती.

उभे राहण्याचे कारण साधे होते. आमच्या वस्तीमागच्या नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात तळमजल्यांच्या घरांत शिरते. त्यासाठी आधीच्या नगरसेवकांकडे गेलो, तेव्हा चौघांपैकी प्रत्येकाने सौजन्याने दुसऱ्याचे नाव सांगितले. (चौथ्याने पुन्हा पहिल्याचे.) मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे प्रशासकांचा कारभार असल्याने विचारायला तेही उरले नाहीत.

पुण्यात 35 लाखांहून अधिक मतदार आणि 41 प्रभाग आहेत, म्हणजे एका प्रभागात सरासरी 85 हजारांहून अधिक मतदार येतात. पक्षाचे उमेदवार चौघांचे पॅनेल करून खर्च आणि कार्यकर्ते वाटून घेतात, त्यांचे चिन्हही घरोघरी आधीच ठाऊक असते. मला मात्र चिन्ह मिळाले 3 जानेवारीला आणि जाहीर प्रचार थांबला 13 तारखेला. तेवढ्या दिवसांत मी माझी वस्ती आणि आसपासच्या काही सोसायट्याच पायी पालथ्या घालू शकले. शिवाय दारात भेटलेल्या ज्येष्ठांना नाल्याविषयी सांगण्याआधी अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबायचे आहे, हेच समजावून सांगावे लागे.

मुंबईसाठी वेगळा कायदा आहे आणि तिथे 227 प्रभागांतून प्रत्येकी एकच नगरसेवक निवडला जातो. पुण्यातही 2007 मध्ये एकसदस्यीय पद्धत होती. 2012 मध्ये दोन सदस्यांचे, तर 2017 मध्ये चार सदस्यांचे प्रभाग झाले. सत्तेवरील प्रत्येकाने आपल्या सोयीने हा आकडा बदलला, असे माझे स्पष्ट मत आहे. महिलांना आणि मागासवर्गीयांना आरक्षण देण्यासाठी मोठे प्रभाग लागतात हे म्हणणेही टिकत नाही, कारण मुंबईत तेच आरक्षण सोडतीने एकेका प्रभागाला लागू होते.

म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दुरुस्ती करून सर्व महानगरपालिकांमध्ये एकसदस्यीय प्रभाग आणावेत, आणि ही दुरुस्ती पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर न करता आताच करावी, ही विनंती. तोपर्यंत निवडून आलेल्या चार सदस्यांमध्ये प्रभागातील वस्त्यांची लेखी वाटणी करून ती क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावण्याचे आदेश द्यावेत. पावसाळ्यापूर्वी ती यादी लागली, तर नाल्यासाठी कोणाचे दार ठोठवायचे ते आम्हाला कळेल.

आपली नम्र,
एक अपक्ष उमेदवार, पुणे