निर्यातबंदीच्या अधिसूचनेत या ओळी घाला: धान्य निर्यात करणाऱ्या देशांच्या व्यापारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

युद्धामुळे बंदरे बंद पडली की धान्य अडकते, हे सगळ्यांना दिसते. पुढे तुमच्या खात्याच्या एका अधिसूचनेने ते किती महागते, याकडे कमी लक्ष जाते.

2022 मध्ये काळ्या समुद्रातली वाहतूक थांबली तेव्हा युक्रेनच्या कोठारांत 2 कोटी टनांहून अधिक धान्य पडून होते. रेल्वेने का नेले नाही? नेले, पण थोडेच. युक्रेनचे रूळ 1520 मिलिमीटरचे, पोलंडचे 1435 चे. सीमेवर डबे बदला किंवा माल दुसऱ्या डब्यांत भरा. 30,000 टनांच्या एका जहाजाचा माल न्यायला 70 टनांचे सव्वाचारशेच्या वर डबे लागतात. माणशी रोज 400 ग्रॅम धरले, तर तेवढ्या मालात 25 लाख लोकांचा महिना निघतो.

टंचाई खरी होतीच. त्यात अनेक देशांनी निर्यात रोखली आणि भाव आणखी भडकले. भारताने 13 मे 2022 रोजी गव्हाची निर्यात थांबवताना आधी उघडलेली लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैसे देण्याची हमीपत्रे, ग्राह्य धरली, हे बरोबरच केले. पण कागदपत्रांची छाननी लांबली तर सवलत असूनही माल हलत नाही. जहाजाचे डेमरेज, म्हणजे ठरल्याहून जास्त थांबल्याचा दंड, रोज चढते. यार्डातल्या गव्हाचा ओलावा 14 टक्क्यांवर गेला की बुरशी धरते. सौदा मोडला तर आयातदार देशाला चढ्या भावाने नवी निविदा काढावी लागते, आणि डॉलरची तर तिथे आधीच चणचण.

म्हणून छाननीची मुदत आणि बंदीची अखेरची तारीख अधिसूचनेतच छापा. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीसाठीच्या खरेदीवर निर्यातबंदी लावायची नाही, असे जागतिक व्यापार संघटनेत जून 2022 मध्ये ठरले आहे. तरीही अधिसूचनेत तसे लिहिलेले नसेल, तर बंदरावरचा कस्टम अधिकारी वरून आदेश येईपर्यंत सही करणार नाही. त्याला दोष कसा द्यायचा?

खताचा फटका उशिरा बसतो. नैसर्गिक वायू महागला की अमोनिया महागतो, मग युरिया. शेतकरी गोणी कमी टाकतो आणि उतारा पुढच्या सुगीला घटतो, तोवर युद्ध बातम्यांतून गेलेलेही असते. शिवाय पिकाची वाढीची वेळ टळल्यावर आलेला युरिया त्या हंगामाला फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा खताची निर्यात रोखण्याआधी, ते घेणाऱ्या देशांचे पेरणीचे वेळापत्रक आपल्याच कृषी खात्याकडून मागवून घ्या.

आपले,
धान्य खरेदी व जहाजवाहतुकीत काम करणारे काही जण